थोरल्याचं माप

"ब्याण्णव," नर्सबाई म्हणाल्या, आणि बारक्याने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, थोरला आत आला.

मागे कोणी नव्हतं. कारखान्याच्या वार्षिक तपासणीची रांग तेवढी होती, शिवणखात्यातली माणसं बाह्या वर करून, चपला हातात घेऊन उभी. काट्यावर तोच उभा होता, अनवाणी, आणि त्याच्या पायांखालच्या काचेत काटा एकदा थरथरून थांबला होता. "शेठ, उतरा आता, काटा मोडेल," मागचा कापड कापणारा कटर म्हणाला आणि चारजण हसले. बारक्याही हसला. त्याचं नाव बारक्या आणि देह असा, हा विनोद खात्यात जुना होता. नवीन माणूस आला की त्याला आधी हाच ऐकवायचे. पण आज त्याचं हसू मध्येच थांबलं. ब्याण्णव हे वजन त्याचं नव्हतंच. ते थोरल्याचं होतं, त्याच्या मोठ्या भावाचं. थोरला ते छातीवर थाप मारून सांगायचा, जसं कोणी आपल्या गावाचं नाव सांगावं. ना एक्क्याण्णव, ना त्र्याण्णव. हिवाळ्यात वाढलं तर तो जेवण तोडायचा, आजारपणात उतरलं तर दुप्पट जेवायचा, कारण त्याची फळी, त्याचं शीड, पाण्याखालचं पातं, सगळं त्या एका आकड्याभोवती बांधलेलं होतं. आणि तो आकडा आता बारक्याच्या तपासणीच्या कागदावर, बारक्याच्या नावापुढे, निळ्या शाईत लिहिला जात होता. चोरी पकडली गेल्यासारखा तो घाईने खाली उतरला.

मशीनवर परत बसला तरी हात चालेनात. कारखान्यात आता दुकानांचे पडदे आणि ट्रकवरची आच्छादनं शिवत असत. शिडं शिवायचे ते दिवस गेले. बारक्याने शिडं शिवली ती थोरल्यासाठी. थोरला वाऱ्यावरच्या फळीचा माणूस. फळीवर उभं राहायचं, फळीत डोलकाठी रोवलेली, काठीला शीड, आणि शिडाला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा एक आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात. तो बूम धरायचा, कमरेच्या पट्ट्याचा हूक त्याच्या दोरीत अडकवायचा आणि अंग वाऱ्याविरुद्ध मागे टाकून द्यायचं. शहराच्या टोकाला बांध होता. बांधाच्या आडोशाला पाणी ताटलीसारखं सपाट राहायचं आणि वारा मात्र बांधावरून बिनअडथळा यायचा. तिथे थोरला सुटला की शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि काठावरचे लोक बोलायचे थांबायचे. "वारा पडलेला असेल तर हलका माणूस जिंकतो," तो सांगायचा. "फळी लवकर उचलली जाते. पण वारा चढला की हलक्याचं शीड त्यालाच उचलून आपटतं. मग त्याला शीड लहान करावं लागतं, पातं लहान करावं लागतं, आणि वेग गेला. तिथे वजन लागतं, बारक्या. मी नुसता टांगून राहतो. माझं वजन हेच माझं इंजिन." बारक्या तेव्हा अठ्ठावन्न किलोचा होता. त्याने कितीदा म्हणून पाहिलं, मला एकदा तुझ्या वेगाच्या फळीवर जाऊ दे. थोरला त्याच्या दंडाला दोन बोटांचा चिमटा घालायचा आणि म्हणायचा, "पतंग होईल तुझा. दोर कोण धरणार?" एकदा बारक्याने हट्टाने जाकिटात शिशाचे तुकडे शिवून घेतले, अंगावर चढवून आला. थोरला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग हसू थांबल्यावर हळूच म्हणाला, "अंगावर घातलेलं वजन आणि अंगात असलेलं वजन, वाऱ्याला दोन्ही कळतं रे." त्या बोलण्याचा राग बारक्याला पुष्कळ दिवस होता. राग कसला, माया हवी होती, ती अशी चिमट्यातून मिळायची.

थोरला झोपेत गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. धड आजारी नाही, अपघात नाही. आदल्या दिवशी सुट्टी होती, दिवसभर बांधाजवळच्या खोलीत सामानाशी खुडबूड करत बसला, संध्याकाळी घरी आला, जेवला, झोपला, सकाळी उठला नाही. ज्या माणसाला वारा हलवू शकला नाही त्याला चौघांनी उचललं. पुढे काही दिवसांनी बारक्या त्या खोलीवर गेला, कुलूप काढलं, आणि दारातच थबकला. छताच्या हुकांना काठी, शीड, बूम, सगळं जोडलेलं तसंच आडवं टांगलेलं होतं. खाली लाकडी घोड्यांवर फळी, पायपट्ट्यांसकट, पाठीकडचं पातं लावलेलं. थोरल्याच्या तीन शिडांपैकी हे सगळ्यात लहान होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी वादळी वारा येणार असा त्याचा अंदाज असेल, हे बारक्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि त्याला दिसलं ते असं, की हे सामान नाहीच, हा थोरला आहे. बूम कुठे आवळला आहे तिथे त्याचा खांदा. दोरी किती लांब सोडली आहे तेवढा त्याचा हात. पट्टे कुठे ठोकले आहेत तिथे त्याची पावलं, आणि त्या पावलांमधलं अंतर म्हणजे त्याची मांडी, त्याची कंबर, त्याची उभं राहण्याची ढब. माणूस काढून घेतला आणि त्याच्याभोवतीची हवा तेवढी ठेवली. थोरला आपली मापं कोणाला सांगत नसे, सख्ख्या भावालासुद्धा नाही. नजर लागते म्हणायचा, आणि बूमवर फडकं टाकून ठेवायचा. आता सगळं उघडं होतं आणि बघायची हिंमत बारक्याला नव्हती. शिडाचा ताण त्याने सैल केला, नाहीतर कापडाने जीव सोडला असता. बाकी एका पेचाला हात लावला नाही. महिन्यातून एकदा जाऊन खाली मान घालून धूळ पुसायची, पाच मिनिटं उभं राहायचं, खिडकी बंद आहे ना पाहायचं आणि कुलूप लावायचं. अंधारात राहिल्यामुळे कापड टिकलं.

आणि उद्या त्याला तिथे पाना घेऊन जायचं होतं. थोरल्याची मुलगी, टिचकी, उद्या बापाच्या फळीवर उतरणार होती. शर्यत नाही, काही नाही, नुसती तिची हौस. दोन वर्षं भाड्याच्या फळ्यांवर शिकत होती, आता म्हणे बाबांचीच हवी. तिला बापाचा देह मिळाला नव्हता. बांधा काकाचा, तरुणपणीचा, उंचीही जेमतेम काकाएवढी, हलकी फुलकी पोर. ब्याण्णव किलोच्या माणसाच्या मापावर तिला सोडणं म्हणजे तिला वाऱ्याच्या हवाली करणं. बूम खाली घ्यावा लागणार, पट्टे हलवावे लागणार, दोऱ्या आखूड कराव्या लागणार. एक पेच सैल झाला की थोरला त्या खोलीतून जाणार, आणि मग तो कुठेही नसेल. हे बारक्या कोणाला सांगू शकत नव्हता. कोणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अहो, स्क्रू आहेत ते.

संध्याकाळी तो नेहमीसारखा वहिनीकडे जेवायला गेला. थोरला गेल्यापासून रोज जात होता. सुरुवातीला विचारपूस म्हणून गेला होता. वहिनीच्या हाताला तेवढंच शिजवायची सवय, भांडं तेच, माप तेच, आणि टेबलावर एवढं अन्न बघून तिचा चेहरा असा काही व्हायचा की बारक्या मुकाट्याने खात सुटायचा. उरू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात असायचं. मग पोटालाही सवय लागली. जिन्यात त्याची पावलं थोरल्यासारखी जड झाली. हे त्याला आधी शेजाऱ्यांकडून कळलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षिका एकदा दार उघडून बाहेर आल्या आणि त्याला बघून परत आत गेल्या. थोरल्याच्या खुर्चीत तो बसत नसे, पण त्याच्या स्वतःच्या खुर्चीची पाठही आता तशीच करकरायची. आंघोळीनंतर आरशावर वाफ असली की तो वाफ पुसत नसे. आज टेबलाशी बसल्यावर त्याने आपले हात पाहिले. मनगटं जाड, बोटांची पेरं जाड, अंगठा तसाच बाहेर वळलेला. हे हात कोणाचे, असं कोणी विचारलं असतं तर त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

"काका, तुझं लक्ष कुठाय?" टिचकी म्हणाली. "उद्या किती वाजता?"

"वारा बघून."

"वारा येणार आहे. दुपारनंतर तर चांगलाच चढणार आहे. तू सकाळी सगळं माझ्या मापाचं करून दे, मी वारा चढायच्या आत दोन फेऱ्या मारते."

"तुला जुनं सामान कशाला गं? मी नवीन बूम आणून देतो. हलका. कार्बनचा."

"नको." तिने घास गिळला. "मला बाबांनी धरलेलाच हवाय."

वहिनी वाढता वाढता थांबली. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, भाऊजी," ती म्हणाली. "उगाच मुलीचा जीव टांगून ठेवू नका."

"आई, तू गप. काका कशाला नाही म्हणेल?"

"तुला माहीत नाही तुझा काका," वहिनी म्हणाली आणि आत गेली. ती आत का गेली ते बारक्याला कळलं नाही. त्याला वाटलं, तिलाही थोरल्याला हलवायचं नाहीये. या घरात आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे, या विचाराने त्याला जरा धीर आला, आणि लगेच लाजही वाटली.

सकाळी बांधाजवळ टिचकी त्याच्या आधी पोचली होती. खोलीचं दार उघडल्यावर ती इतर मुलांसारखी आत धावली नाही, उंबऱ्याशी चपला काढून आली. बारक्याने वर बघितलं नाही. दोघांनी मिळून काठी हुकांवरून उतरवली, शीड उचलून बाहेर वाळूवर आणलं. उजेडात शीड पिवळट दिसलं, म्हाताऱ्या माणसाच्या नखांसारखं. फळी आणली, काठी तिच्यात बसवली, तळाची दोरी कप्पीतून ओढून त्याने ताण दिला, आणि कापड फटकन भरलं. तो आवाज इतक्या वर्षांनी आला होता. "आता उभं करू," तो म्हणाला. "तू फळीचं नाक धर."

शीड उभं राहिलं. बारक्याने डोळे मिटले. त्याला माहीत होतं बूम कुठे असणार. थोरला त्याच्यापेक्षा डोकंभर उंच. थोरल्याचा खांदा म्हणजे बारक्याचं कपाळ. लहानपणापासून त्याने त्या खांद्याखाली उभं राहून दिवस काढले होते. एकदा शेवटचं त्याच्याजवळ उभं राहू, मग हात लावू पेचाला, असं म्हणून त्याने मिटल्या डोळ्यांनी कपाळाशी हात वर नेला. हाताला हवा लागली. त्याने हात आणखी पुढे केला. हवाच. आणि मग वाऱ्याने शीड जरासं कलंडलं आणि बूम आपणहून त्याच्या खांद्याला येऊन टेकला, अगदी नेमका, वीतभर वर नाही की बोटभर खाली नाही.

क्षणभर तो घाबरला. काल वजन, आज उंची. मी थोरला झालो, त्याच्या मनात आलं, मी पुरता थोरला झालो. मग त्याने डोळे उघडले. चाळीशी ओलांडलेल्या माणसाची उंची वाढत नाही, एवढी अक्कल त्याला होती. त्याने काठी बघितली. बूम आवळला होता त्याच्या वर, बरोबर कपाळाच्या उंचीला, काठीवर झिजेचं एक गुळगुळीत कडं होतं, वर्षानुवर्षं पकड बसून उमटलेलं. थोरला तिथे राहत होता. ती जागा रिकामी होती. बूम थोरल्याने स्वतः खाली आणला होता. बारक्या वाळूत गुडघ्यांवर बसला आणि इतकी वर्षं जे खाली मान घालून टाळलं ते आता बघू लागला. पायपट्टे कडेच्या भोकांतून काढून आतल्या भोकांत बसवलेले, हलक्या माणसाच्या पावलांना झेपतील असे. पट्टे आवळलेले, थोरल्याचा पाय त्यात अर्धासुद्धा गेला नसता. दोऱ्या आखूड. पाठीकडचं पातं छोटं, हातभराचं नाही, वीतभराचं. आणि शीड सगळ्यात लहान. वादळाचा अंदाज नव्हता तो. तो अठ्ठावन्न किलोचा अंदाज होता. शिडं शिवणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळायला हवं होतं. पण ज्याच्यापुढे डोकं टेकवायचं त्याची उंची कोण मोजत बसतो?

"काका, मला हे अस्संच बसतंय," टिचकी बूमखाली उभी राहून म्हणाली. तिने पाय पट्ट्यात घालून पाहिला. "तू आधीच करून ठेवलंस?"

"मी नाही. तुझ्या बाबाने."

"माझ्यासाठी? मी केवढीशी होते तेव्हा."

खोटं बोलणं सोपं होतं. पोर खूश झाली असती. पण बारक्याच्या तोंडून खोटं निघेना, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला काहीतरी न मागता देऊन ठेवलं होतं, आणि ते त्याला कोणाला द्यायचं नव्हतं, एवढ्याशा पोरीलाही नाही. "माझ्यासाठी," तो म्हणाला. "मला या फळीवर उतरवणार होता."

टिचकीने पट्ट्यातून पाय काढला. "मग आधी तू जा."

"मी आता ब्याण्णव किलोचा आहे गं. हे शीड मला ओढणार नाही. फळी जागची हलायची नाही." तो उठला. "तू जा. तुलाच होतंय ते."

ती गेली. पहिल्यांदा पडली, दुसऱ्यांदा पडली, मग हूक अडकला, अंग मागे गेलं, आणि लहान शीड तिला घेऊन सपाट पाण्यावर निघालं. हलकं माणूस हलक्या वाऱ्यात कसं उचललं जातं ते बारक्याने काठावरून बघितलं. तेव्हा तोही असाच गेला असता. कोणीतरी इथे उभं राहून ओरडलं असतं, मागे टाक, अंग मागे टाक. त्याला रडू आलं, पण ते थोरल्यासाठी नव्हतं. थोरला गेला तेव्हा सगळं गाव रडलं होतं. त्याच सुमाराला अठ्ठावन्न किलोचा एक तरणा मुलगाही गेला होता, त्याला कोणी पोचवायलासुद्धा आलं नव्हतं, आणि बारक्या महिन्याच्या महिन्याला जाऊन त्याचीच धूळ पुसत होता.

वहिनी कधी येऊन मागे उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिच्या हातात कोरडा टॉवेल होता, मुलीसाठी आणलेला.

"ते दादाचं माप नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "माझं होतं."

"माहीत आहे मला."

तो वळला. वहिनी पाण्याकडे बघत होती.

"त्या संध्याकाळी जेवताना सांगितलं त्यांनी. म्हणाले, उद्या बारक्याला फळीवर उतरवतो, त्याला सांगू नकोस, तोंड बघायचंय त्याचं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आधी सुचलं नाही. मग तुम्ही रोज यायला लागलात." ती टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "सांगितलं असतं तर तुम्ही पाण्यावर गेला असतात, भाऊजी. वाऱ्याच्या नादी लागलेला माणूस मी संसारात बघितलाय, तो वेळेवर जेवायला येत नाही. तुम्ही येत होतात. जिन्यात पाऊल वाजायचं. दिवसेंदिवस तसंच वाजायला लागलं. मी कान देऊन ऐकत बसायचे. वाढताना मला कळत नव्हतं असं नाही."

बारक्याला वाटलं आपण ओरडू. शब्द तोंडाशी आले होते, माझी वर्षं खाल्लीत, मला भरवून भरवून माझी वर्षं खाल्लीत. पण खाल्लं तर त्याने होतं. आणि तो तरी कशासाठी जात होता रोज? त्या जिन्यात आपलं पाऊल कसं वाजतं हे काय त्याला ऐकू येत नव्हतं? ते दोघं मिळून एका मेलेल्या माणसाला जिवंत ठेवत होते, एकजण शिजवून आणि एकजण खाऊन. पाण्यावरून टिचकीची आरोळी आली. ती परत फिरत होती, आणि शीड आता तिला जड जात होतं. वारा चढला होता. बांधावरची वाळू उडून पायांना टोचायला लागली. पोरीने हुशारीने हूक सोडला, शीड पाण्यात टाकलं आणि पोहत फळी ढकलत काठाला आली, हसत, दात वाजवत.

वहिनीने तिला टॉवेलात गुंडाळलं. मग तिच्या केसांवरून हात फिरवत, मान वर न करता ती म्हणाली, "भाऊजी, यांचं मोठं शीड आत असेल ना अजून?"

"आहे."

"आणि ते मोठं पातं?"

"आहे."

"एवढ्या वाऱ्यात अठ्ठावन्न किलोचं काम नाही, असं म्हणायचे ते." तिने आता त्याच्याकडे पाहिलं, आणि ती त्याच्याकडेच पाहत होती, दुसऱ्या कोणाकडे नाही. "बूम आहे तिथेच राहू द्या. खांदा तुमचा आहे. जा. मला जेवायला उशीर झालेला चालेल."

बारक्या खोलीत गेला आणि मोठं शीड खांद्यावर घेऊन बाहेर आला.